दोष फाशांचा की सभेचा?

ऑक्टोबर २०२३ मधील गोष्ट. क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने रंगात आले होते आणि पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने 'ड्रीम इलेव्हन' या मोबाइलवरील खेळात दीड कोटी रुपये जिंकल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. वाहिन्यांचे प्रतिनिधी त्याच्या दारी पोहोचले, त्याने त्यांना मुलाखतीही दिल्या. पुढे काही दिवसांतच वरिष्ठांनी त्याला निलंबित केले. कायद्याचा रक्षक असून त्याने असा खेळ खेळावा आणि गणवेशात प्रसिद्धिमाध्यमांसमोर त्याविषयी बोलावे, हा शिस्तभंग ठरला.

त्याच महिन्यात, १९ ऑक्टोबरला, पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील गहुंजे येथील मैदानावर भारत आणि बांगलादेश यांचा सामना झाला. विराट कोहलीने नाबाद शतक ठोकले, भारत जिंकला, पुणेकर आनंदाने घरी परतले. त्या भारतीय संघाचा मुख्य प्रायोजक कोण होता? तीच 'ड्रीम इलेव्हन'. जुलै २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी ३५८ कोटी रुपये मोजून तिने हा मान मिळवला होता.

म्हणजे एकाच महिन्यात, एकाच शहराच्या परिसरात, खेळ खेळणाऱ्याची नोकरी धोक्यात आली आणि खेळ चालविणारा मात्र देशाच्या क्रिकेट संघाचा मानकरी म्हणून मिरवत राहिला. पोलिसाला शिस्त लावली, हे योग्यच झाले. परंतु जी गोष्ट फौजदाराला अशोभनीय आहे, ती भारतीय संघाला शोभते कशी? हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला नाही. आज तो विचारणे आवश्यक आहे. कारण कायद्याने तो खेळ बंद पाडला असला, तरी आपण त्याला एवढा मान का दिला, याचे उत्तर आपण अद्याप स्वतःला दिलेले नाही.

एका उद्योजकाची चढती कमान

'ड्रीम इलेव्हन'चे संस्थापक हर्ष जैन हे मुंबईतील एका संपन्न उद्योजक घराण्यातील तरुण. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. इंग्लंडमधील फुटबॉलचे आभासी संघ बनविण्याचा नाद त्यांना होता. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा असेच काही क्रिकेटसाठी करावे असे त्यांच्या मनात आले आणि मित्र भावित शेठ यांच्या साथीने त्यांनी कंपनी काढली. पहिला प्रयत्न जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या मोफत खेळाचा होता. तो फसला. मधल्या काळात त्यांनी जाहिरात क्षेत्रातील एक छोटी कंपनी काढली आणि विकली. २०१२ च्या सुमारास मूळ कल्पना नव्या रूपात परत आली. संपूर्ण हंगामाऐवजी एकेका सामन्याचा खेळ आणि त्यासाठी रोख प्रवेशशुल्क, असे ते रूप होते. अनेक गुंतवणूकदारांनी दारे लावून घेतली, तरी गडी खचला नाही.

त्यानंतरची वाटचाल डोळे दिपविणारी आहे. २०१८ साली महेंद्रसिंह धोनी कंपनीचा चेहरा झाला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचे मूल्य शंभर कोटी डॉलरपलीकडे गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'ड्रीम स्पोर्ट्स' या मूळ कंपनीने ८४ कोटी डॉलरचे भांडवल उभे केले, तेव्हा तिचे मूल्य ८०० कोटी डॉलर धरले गेले. वापरकर्त्यांची संख्या वीस कोटींच्या पुढे गेल्याचा दावा कंपनी करू लागली. २०२२-२३ या आर्थिक वर्षात तिचे उत्पन्न सहा हजार कोटी रुपयांहून अधिक होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. श्री. जैन यांच्यावर फसवणुकीचा आरोप आम्ही करीत नाही. त्यांनी अंधाऱ्या गल्लीत अड्डा उघडला नाही. कंपनी नोंदविली, कर भरला, हजारभर तरुणांना रोजगार दिला. त्यांच्याकडे जिद्द होती, कल्पकता होती, व्यवस्थापनाचे कौशल्य होते. दुःख आहे ते याचेच. बुद्धी, भांडवल आणि चिकाटी यांचा असा त्रिवेणी संगम एखाद्या पिढीत थोड्यांच्याच वाट्याला येतो. तो कोणत्या कामी लागावा, हे ठरविण्यात समाजाचाही वाटा असतो. आपण त्या तरुणाला कोणत्या कामासाठी टाळ्या दिल्या?

'कौशल्य' नावाचा परवाना

या खेळाची रीत बहुतेकांना ठाऊक आहे. सामन्यातील बावीस खेळाडूंमधून अकरा निवडायचे. प्रत्येकाला ठरावीक किंमत आणि एकूण खर्चाला मर्यादा. कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. मोठ्या स्पर्धेचे शुल्क बहुधा ४९ रुपये असे आणि पहिले बक्षीस कोटीच्या घरात. ४९ रुपये म्हणजे काय? अमृततुल्यात दोघा-तिघांचा चहा झाला की संपणारी रक्कम. म्हणूनच ती जाताना कोणाला टोचली नाही.

हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असे कंपनीचे म्हणणे होते आणि न्यायालयांनी ते मान्य केले होते. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला. न्यायालयांचा आम्ही आदर करतो. खेळपट्टी कशी आहे, कोणता गोलंदाज डावखुऱ्या फलंदाजांना सतावतो, याची जाण असलेला माणूस अजाण माणसापेक्षा चांगला संघ निवडेल, यात संशय नाही. कायद्याच्या मोजपट्टीवर त्याला कौशल्य म्हणता येते.

परंतु समाजाची मोजपट्टी निराळी असते. साधा हिशेब मांडून पाहावा. शंभर जणांनी प्रत्येकी ४९ रुपये भरले. जमले ४,९०० रुपये. कंपनीने त्यातून आपला वाटा आधीच काढून घेतला आणि उरलेली रक्कम बक्षिसांत वाटली. आता हे शंभरही जण क्रिकेटचे पंडित आहेत असे समजू. सर्वांनी रात्रंदिवस अभ्यास केला, आकडेवारी तोंडपाठ केली. तरीही ते सगळे मिळून जितके घेऊन आले, त्यापेक्षा कमीच घेऊन जाणार. त्यांच्या कौशल्याने पैसा निर्माण होत नाही. तो केवळ एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो आणि वाटेत मालकाच्या हाती तुकडा ठेवतो. कौशल्याने शेतकरी कसतो तेव्हा शेतात धान्य येते. कौशल्याने सुतार रंधा मारतो तेव्हा खुर्ची उभी राहते. येथे एकाचे कौशल्य म्हणजे नव्व्याण्णवांचा तोटा. त्यातही ज्याला वेळ, पैसा आणि आकडेमोडीची साधने अधिक, तोच वारंवार जिंकणार. रिक्षा थांब्यावर दोन भाड्यांच्या मधल्या वेळेत संघ लावणारा माणूस कोणत्या बाजूला असणार, हे सांगायला नकोच.

एका व्यक्तीपुरते ज्याला कौशल्य म्हणता येईल, तेच कोट्यवधी माणसांच्या पातळीवर ठरलेले नुकसान असते. न्यायालयापुढे प्रश्न पहिला होता. आपल्या घरापुढे प्रश्न दुसरा होता आणि त्याचा निवाडा आपल्याला स्वतःच करायचा होता. आपण तो केला नाही.

प्रतिष्ठेची खरेदी

महाराष्ट्राला जुगार नवा नाही. १९६० च्या दशकात मुंबईत मटका फोफावला, रतन खत्रीचे नाव घराघरांत माहीत झाले, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मराठी होऊन गेले. गिरणी कामगारांचे पगार त्या मडक्यात गेले. परंतु मटका लावणारा माणूस चिठ्ठी घडी करून मुठीत लपवीत असे. खायवालाच्या टपरीवर उभे असताना ओळखीचे कोणी दिसले की तोंड फिरवीत असे. त्या लाजेने किती घरे वाचविली असतील, याची गणती कोण करणार? व्यसनाच्या वाटेवर लाज हा समाजाने उभा केलेला शेवटचा पहारेकरी असतो.

मोबाइलवरील खेळाने नेमका हाच पहारेकरी विकत घेतला. आणि त्यासाठी बाजारपेठ कोणती निवडली? क्रीडाक्षेत्र. २०१८ पासून कंपनीने आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेशी करार केला, आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाशी केला, प्रो कबड्डीशी केला. ज्या कबड्डीने महाराष्ट्रातील लाखो मुलांना एका पैशाच्या साहित्याविना शरीर कमवायला शिकविले, तिच्या नावाशीही हे नाव जोडले गेले. पुढे 'फॅनकोड' ही सामने दाखविणारी वाहिनी आली, क्रीडापर्यटनाची कंपनी आली, क्रीडा-उद्योगांत गुंतविण्यासाठी २५ कोटी डॉलरचा निधी आला, उदयोन्मुख खेळाडूंना साहाय्य करणारे प्रतिष्ठान आले. न्यूझीलंडमधील स्थानिक क्रिकेट स्पर्धेच्या नावापुढेही याच कंपनीचे नाव झळकले. या गुंतवणुकीतून काही होतकरू खेळाडूंचे भले झाले असेल, ते नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. परंतु या सर्व खर्चातून कंपनीने जे मिळविले ते होते सोज्ज्वळपण. खेळ पवित्र, म्हणून खेळाच्या शेजारी उभा राहणाराही पवित्र!

ज्यांनी हे सोज्ज्वळपण विकले, त्यांचे काय? १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. देशभर संताप उसळला. आयपीएलच्या शीर्षक प्रायोजकपदावरून 'विवो' या चिनी कंपनीला त्या वर्षी बाजूला व्हावे लागले. तिच्या जागी ऑगस्टमध्ये २२२ कोटी रुपये देऊन कोण आले? 'ड्रीम इलेव्हन'. आणि या कंपनीत २०१८ साली भांडवल कोणी गुंतविले होते? 'टेन्सेंट' या चिनी महाकंपनीनेही! संस्थापक भारतीय, कार्यालय मुंबईत, हे सारे खरे. तरीही सीमेवर रक्त सांडल्यावर चिनी पाटी उतरवून आपण जी पाटी लावली, तिच्या मागेही चिनी पैशाचा अंश होता, हे नियामक मंडळाला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्यावर वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि विरली. पैसा मोठा होता.

ही कथा एकाच कंपनीची नाही. गोव्याच्या पाण्यात तरंगते जुगारगृह चालविणाऱ्या डेल्टा कॉर्प समूहाने ऑनलाइन पोकरचा 'अड्डा फिफ्टीटू' विकत घेतला आणि त्या समूहाचे प्रमुख जयदेव मोदी एफसी गोवा या फुटबॉल संघाच्या मालकांपैकी एक झाले. पत्ते आणि चेंडू यांची सोयरीक सर्वत्र अशीच जुळली. २०२३ साली महाराष्ट्राने १९७६ पासून अंमलात न आलेला कॅसिनो कायदा रद्द केला आणि राज्यात जुगारगृहे येऊ न देण्याचा निर्धार दाखविला. निर्णय स्वागतार्ह होता. पण तोवर प्रत्येकाच्या खिशात जुगारगृह येऊन बसले होते आणि त्याच्या दारावर आपल्या आवडत्या खेळाडूंची छायाचित्रे होती.

गहुंज्याची टेकडी

'कायदेशीर खेळाची आणि बेकायदा सट्ट्याची गल्लत करू नका,' असे या उद्योगाचे समर्थक सांगतात. कायद्यात फरक होता, हे मान्य. पण माणसाच्या मनात फरक असतो का?

मार्च २०२१ मध्ये गहुंज्याला भारत आणि इंग्लंड यांचे सामने झाले. करोनामुळे मैदानात प्रेक्षक नव्हते. तेव्हा सट्टेबाजांची टोळी शेजारच्या टेकडीवर आणि उंच इमारतीत दुर्बिणी व कॅमेरे घेऊन बसली. दूरचित्रवाणीवर चेंडू दिसण्याआधीचे काही क्षण मिळावेत, एवढ्यासाठी! पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना अटक केली. मे २०२४ मध्ये जुन्नर तालुक्यातील नारायणगावात एका इमारतीवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तेथे 'महादेव' सट्ट्याच्या जाळ्याशी संबंधित काम चालत असल्याचे आढळले आणि नव्वदहून अधिक जण ताब्यात घेतले गेले. ज्या तालुक्यात शिवनेरी उभा आहे, तेथे ही दशा! आणि सट्ट्याच्या त्या जाळ्याला नाव कोणते? देवाधिदेवाचे! या विटंबनेची चीड जितकी यायला हवी होती, तितकी आली का?

मैदानात एका नावाचा फलक आणि बाहेरच्या टेकडीवर दुर्बीण. एकीकडे परवाना, दुसरीकडे बेडी. पण मधल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला धडा एकच मिळतो. सामना हा पाहण्यासाठी नसून त्यावर पैसे लावण्यासाठी असतो. एकदा ही सवय लागली की कायदेशीर दुकानातून बेकायदा दुकानात जायला बोटाची एक हालचाल पुरते. २०२५ मध्ये परदेशी सट्टा-संकेतस्थळांच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने नामांकित माजी क्रिकेटपटूंना चौकशीसाठी बोलावले, तेव्हा ही सीमारेषा किती पुसट आहे, हे जगाला दिसले.

पुण्याला तर हे सर्वांत आधी कळायला हवे होते. २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांत आपल्या शहराच्या नावाने आयपीएलमध्ये संघ खेळला, तो का, हे किती जणांना आठवते? २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले, त्यांच्याशी संबंधित दोघांना क्रिकेटमधून आजन्म दूर ठेवले आणि त्या रिकाम्या जागी पुणे व राजकोट हे संघ आले. म्हणजे पुण्याला मिळालेला तो संघ सट्ट्याच्या शिक्षेतून जन्मला होता. पाचच वर्षांत आपण शिक्षा विसरलो आणि पैसे लावण्याचा खेळ स्पर्धेच्या नावातच गुंफला.

कुरुसभेचा धडा

आपल्या परंपरेला जुगाराची ओळख नव्हती असे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक संपूर्ण सूक्त आहे. अक्षसूक्त या नावाने ते प्रसिद्ध आहे. घरची माणसे तोडून बसलेला, कर्जात बुडालेला, तरीही फाशांच्या आवाजाने खेचला जाणारा तो कितव आज एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात सहज भेटेल. ते सूक्त त्याला शेवटी शेतीकडे, म्हणजे श्रमातून मिळणाऱ्या धनाकडे वळविते. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून खेळ एका जागी आणला आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाचाचा वाटा राजकोषात घेतला. 'बंदी घालण्यापेक्षा नियंत्रण ठेवा आणि कर घ्या' म्हणणाऱ्यांना हा आधार जवळचा वाटतो. २०१६ मध्ये लोढा समितीनेही सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली होती. परंतु कौटिल्याने तो खेळ नजरेखाली ठेवण्यासाठी एका जागी आणला होता. घराघरांत, शाळेच्या बाकाखाली, रात्री दोन वाजता पांघरुणात तो पोहोचविण्याची मुभा त्याने कोणाला दिली नव्हती. राजाच्या सेनेच्या चिलखतावर द्यूतगृहाचे नाव तर त्याने खचितच कोरू दिले नसते.

आणि महाभारत? द्यूतपर्वाचे नाव निघाले की आपण सगळा दोष शकुनीच्या माथी मारून मोकळे होतो. पण तो खेळ कोठे झाला, हे आठवावे. आडरानात नाही. त्यासाठी खास सभागृह बांधले गेले. राजाने निमंत्रण धाडले. भीष्म बसले होते, द्रोण बसले होते, कृप बसले होते. विदुराने विरोध केला, पण त्याचे ऐकले गेले नाही. धर्मराजासारखा माणूस फासे हाती घेतो, कारण समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी त्या पटाला मान दिलेला असतो. फासे शकुनीचे होते. प्रतिष्ठा सभेची होती. सभा उठून गेली असती, तर पट तेथेच गुंडाळावा लागला असता.

आपल्या काळातील सभा कोणती? कोट्यवधींचे करार करणारे क्रिकेट नियामक मंडळ. जाहिरातीत हसत उभे राहणारे खेळाडू. ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर बच्चू कडू यांनी ऑनलाइन गेमच्या जाहिरातीविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांची थट्टा केली. पद्धतीविषयी मतभेद असू शकतात, पण प्रश्न विदुराचाच होता. या सभेत सरकारेही होती. ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने व राज्यांनी मिळून या पैशांवर २८ टक्के कर घ्यायला आरंभ केला. महाराष्ट्र शासन तर १९६९ पासून स्वतःची लॉटरी विकत आले. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात तत्कालीन कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. पण महिनाअखेर त्यांच्याकडील कृषी खाते काढून त्यांना खाते दिले गेले ते क्रीडा व युवक कल्याणाचे! सरकार आपल्या विचारांचे असो वा परक्या, अशा वेळी स्पष्ट बोलले नाही तर आपणही त्या सभेतले मौनी भीष्मच.

आणि सभेत आणखी कोण होते? आपण होतो. सामना सुरू होण्यापूर्वी बैठकीच्या खोलीत बाप-लेक शेजारी बसून आपापले संघ लावीत होते आणि आई कौतुकाने पाहत होती. 'पन्नास रुपयांत काय बिघडते?' हे वाक्य कंपनीच्या जाहिरातीत नव्हते. ते आपल्या घरांत जन्मले.

कायद्याने जे केले आणि जे उरले

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने धाडस दाखविले. २० तारखेला लोकसभेत आणि २१ तारखेला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक संमत झाले. २२ तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. कौशल्य की नशीब, हा वाद बाजूला ठेवून पैसे लावून खेळविला जाणारा प्रत्येक ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरला. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाखांपर्यंत दंड. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी मिळून २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. करापोटी मिळणारे हजारो कोटी सोडून देऊन घेतलेला हा निर्णय अभिनंदनास पात्र आहे.

श्री. जैन यांनी पैशांच्या स्पर्धा थांबविल्या, खेळ मोफत केला आणि कायद्याला आव्हान न देण्याचे जाहीर केले. कंपनीचे ९५ टक्के उत्पन्न रातोरात नाहीसे झाले. या संयमाची नोंद घ्यायला हवी. परंतु या आकड्याचा अर्थही समजून घ्यायला हवा. खेळावर प्रेम, आकडेवारीचा अभ्यास, चाहत्यांचा सहभाग यांचे गोडवे वर्षानुवर्षे गायले गेले. त्यातून केवळ पैसे लावणे तेवढे काढून घेतले आणि शंभरातले पाच उरले! मग उरलेले पंचाण्णव काय होते, हे वेगळे सांगण्याची गरज आहे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकात भारतीय संघ मुख्य प्रायोजकाच्या नावाविना मैदानात उतरला आणि चषक जिंकूनही आला. आकाश कोसळले नाही. छातीवर केवळ देशाचे नाव असताना तो संघ अधिक देखणा दिसला, असे म्हणणारे अनेक भेटले. 'यांचा पैसा नसेल तर खेळ मरेल' हा धाक किती पोकळ होता, ते तेवढ्या एका महिन्यात कळले.

मात्र कायद्याने दुकान बंद होते, गिऱ्हाइकाची तहान बंद होत नाही. काही कंपन्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली. तिकडे परदेशी संकेतस्थळे नावे बदलून परत येतात, टेलिग्रामवर गट चालतात. पोलिसांचा हात तेथवर पोहोचेल तेव्हा पोहोचेल. घराचा हात मात्र आजच पोहोचू शकतो.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मुलाच्या मोबाइलमधील खेळांविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे आणि आपला मोबाइलही त्याच्यासमोर ठेवावा. गणेशोत्सव मंडळांनी व क्रीडासंस्थांनी देणगी घेताना तिचा उगम विचारावा. लोकमान्यांच्या गावात मंडपाच्या कमानीवर कोणाचे नाव झळकते, याला महत्त्व आहे. जो या गर्तेत पडला आहे त्याला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानावे. दारू व अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले, तेव्हा समाजाने व्यसनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तीच दृष्टी आता येथे हवी. कर्ज झाल्याचे मुलाने सांगितले तर पहिल्या रात्री त्याला रागावू नये. लपविलेले कर्ज माणसाचा जीव घेते, सांगितलेले कर्ज फेडता येते.

आणि सर्वांत मोठे काम आहे खेळ परत मिळविण्याचे. १९१९ मध्ये याच पुण्यात डेक्कन जिमखान्यावर झालेल्या स्पर्धांतून भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना पुढे आली आणि १९२० साली भारताचा चमू अँटवर्पला गेला. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवल्याचे आजही कृतज्ञतेने सांगितले जाते. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

प्राचार्य खर्डेकरांनीही डाव लावला होता. राहते घर पणाला लावले होते! पण त्यांनी ते दुसऱ्याच्या घामासाठी लावले. जिंकले असते तरी त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता. खेळावर पैसा लावण्याचे हे दोन प्रकार आहेत आणि आपली मुले त्यांपैकी कोणता प्रकार शिकणार, हे क्रिकेट मंडळ ठरविणार नाही, न्यायालय ठरविणार नाही, कोणी उद्योजकही ठरविणार नाही. उद्या संध्याकाळी मैदानावर जाऊन आपण मुलाबरोबर कबड्डीचा एक डाव मांडतो की नाही, यावर ते ठरेल. पट पुन्हा मांडला जाईल, निमंत्रणही येईल. त्या वेळी सभेतून उठून जाण्याचे धैर्य आपल्यात असावे, एवढेच.